वादळात पडलेल्या फणसाच्या आणि आंब्याच्या फळ्या पाडल्या त्याची गोष्ट

निसर्ग वादळाने आमच्या दापोली तालुक्याची काय दशा केली ते बहुतेकांना माहितीच आहे, 3 जून 2020, भर दुपारी. माड-पोफळी किती गेल्या त्याचा हिशोब बाबांनी वहीत लिहून ठेवलाय, त्यावर मी काही बोलत नाही कारण बोलायला लागलं की थांबता येत नाही. हे लिहितोय ते फक्त दोन झाडांबद्दल. एक गोठ्यामागचा फणस आणि दुसरा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेचा रायवळ आंबा, दोन्ही मुळासकट आडवे झालेले. लॉकडाऊनमुळे मी गावीच अडकलो होतो, लाईट नाही, रेंज नाही, ऑफिसचं काम होण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे या दोन झाडांच्या मागे लागायला वेळच वेळ होता.

वादळानंतर थोड्याच दिवसात लाकूडवाले फिरायला लागले. पडलेलं झाड बघायचं, खोडावर एकदा पाय मारायचा आणि म्हणायचं, "आतून पोकळ असणार बघा, जळाऊच्या भावात देऊन टाका, वर साफ करून देतो." माणूस आधीच खचलेला, दारात झाड आडवं पडलंय, जायला वाट नाही, त्यामुळे बऱ्याच लोकांनी देऊन टाकली झाडं, आणि त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. आमच्याकडे बाबाच तयार होते द्यायला. मी आणि आमचे सुतारकाका आडवे आलो. सुतारकाकांनी आमच्या घराची अर्धी दारं केलेली आहेत, त्यांनी फणसाच्या बुंध्याला कोयतीने दोन ठिकाणी साल काढली, आतलं पांढरं उडवलं, पिवळा गाभा दिसला तशी म्हणाले, "भाऊ, हा जळाऊला दिलात तर मी तुमच्या घरी चहाला येणार नाही."

माप सांगतो म्हणजे अंदाज येईल. फणसाचा घेर छातीच्या उंचीवर साधारण 7 फूट आणि पहिल्या बेचक्यापर्यंत 10 फूट सरळ खोड. आता लाकडाच्या धंद्यात घनफूट काढायची रीत अशी की घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं, म्हणजे पावणेदोन गुणिले पावणेदोन गुणिले 10, आले साडेतीस घनफूट. पण खऱ्या गोलाच्या गणिताने तेच खोड 39 घनफूट भरतं. म्हणजे या रीतीत जवळजवळ 21-22 टक्के लाकूड मोजलंच जात नाही, ते सालीचं आणि चौरस करताना जाणाऱ्या सालपटांचं धरलेलं असतं. यात फसवणूक नाही, फार जुनी पद्धत आहे. पण तुम्ही विकणारे असाल तर हे माहीत पाहिजे, आणि गिरणीवर कापायला नेणार असाल तर आधीच विचारायचं की कापणावळ गोल मापावर घेणार की निघालेल्या मालावर. आम्ही विचारलं म्हणून बरं झालं, कारण आमच्या डोक्यात एक होतं आणि त्यांच्या डोक्यात दुसरं.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. आंबा आणि फणस दोन्ही झाडं महाराष्ट्राच्या 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, साग, खैर, ऐन, किंजळ यांच्या रांगेत. वादळाने पाडलेलं असलं तरी "आपोआप पडलं, मग आता आमचं" असं धरून चालू नका. आम्ही पडलेल्या अवस्थेतले फोटो काढले (मुळांसकट, खड्डा दिसेल असे), पंचनाम्याची प्रत, सातबारा आणि अर्ज असं घेऊन आधी तलाठ्याकडे आणि मग वनखात्यात गेलो. गाडीत घालायच्या आधी हातात कागद पाहिजे, रस्त्यात अडवल्यावर नाही. वेळ लागला, पण त्या दिवसांत सगळ्यालाच वेळ लागत होता.

आता पहिलं काम म्हणजे खोड बुंध्यापासून सोडवणं, आणि सगळ्यात जास्त धोका इथेच असतो. झाड मुळासकट पडतं तेव्हा मुळांचा मातीसकट गड्डा उभा राहतो, भिंतीएवढा, आणि खाली मोठा खड्डा. खोडाच्या वजनाने तो गड्डा उभा असतो. खोड कापलं की वजन गेलं, गड्डा मागे खड्ड्यात परत बसतो, कधी हळूहळू आणि कधी एका झटक्यात. पोरं त्या खड्ड्यात खेळत होती दोन दिवस, त्यांना कटरवाल्याने (कटर म्हणजे चेनसॉ) आल्या आल्या हाकललं. आमचा फणसाचा गड्डा कापल्यावर थोडा कुरकुरला आणि तिथेच राहिला, आंब्याचा मात्र धाडकन बसला, उरलेला दोन फुटाचा बुंधा परत उभा, जणू काही झालंच नाही. शिवाय आडवं पडलेलं खोड कुठे ताणात आणि कुठे दाबात आहे ते बघून कापावं लागतं, दाबाच्या बाजूने आधी थोडं आणि मग ताणाच्या बाजूने, नाहीतर कटर आत चिमटतो आणि मग तो सोडवायला दुसरा कटर लागतो. आमच्या कटरवाल्याला हे कोणी शिकवलेलं नाही, पण तो खोडाभोवती दोन फेऱ्या मारल्याशिवाय मशीन चालू करत नव्हता.

तोपर्यंत पाऊस सुरू झाला. आणि इथे दोन झाडांचे रस्ते वेगळे झाले.

फणसाचा गाभा टिकाऊ. वाळवी, बुरशी सहजी लागत नाही, बाहेरचा पांढरा थर जाईल तर जाऊदे. त्याला आम्ही चिऱ्यांवर (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांवर) उचलून ठेवला, जमिनीला टेकू दिला नाही, आणि दोन्ही तोंडांना घरात उरलेला रेड ऑक्साइड जाड थापला. हे तोंडं बंद करणं फार महत्त्वाचं. लाकूड तोंडाकडून बाजूपेक्षा कितीतरी पटीने लवकर सुकतं, तोंड आक्रसतं आणि मधलं ओलंच राहतं, मग तोंडापासून चिरा आत पळतात, फूट-फूट लाकूड वाया जातं. मेण लावा, ऑईलपेंट लावा, काहीही लावा, पण कापल्या दिवशीच लावा.

आंब्याला ही मुभा नाही. आंब्याचं लाकूड पावसात ओलं पडून राहिलं की आधी निळंकाळं पडतं, मग बुरशीच्या रेघा, मग मऊ. त्यात भुंग्यांना ते फार आवडतं. म्हणूनच आपल्याकडे आंब्याच्या पेट्या, सेंट्रिंगच्या फळ्या अशाच कामाला ते वापरतात आणि घराला कोणी लावत नाही. (त्या काळ्या रेघांवर शहरातले लोक फिदा असतात हे मला नंतर कळलं, त्यावर पुढे.) तर आंबा ताबडतोब कापायला हवा होता. पण घेर 10 फूट, म्हणजे आरपार 3 फुटाच्या वर. 8 फुटाचा तुकडा केला तरी वजन पावणेदोन टनाच्या आसपास, आणि आगरातून वर रस्त्याला यायला पाखाडी, चिऱ्याच्या पायऱ्या, ट्रॅक्टर काय बैलगाडी पण येत नाही. आणि समजा नेलं असतं तरी जवळच्या गिरणीच्या पट्ट्याच्या करवतीत तो जाडीने बसलाच नसता.

मग झाड होतं तिथेच कापायचं ठरलं. ओळखीचा एक मुलगा आहे, फर्निचर करतो, त्याच्याकडे अलास्कन मिल होती. नाव मोठं आहे पण वस्तू साधी, मोठ्या चेनसॉच्या पात्याला एक ॲल्युमिनियमची चौकट बोल्टने लावलेली असते, ती चौकट लाकडाच्या सपाट पृष्ठभागावर सरकत जाते आणि पातं तिच्या खाली ठरवलेल्या अंतरावर आडवं कापत जातं. चौकटीची उंची बदलली की फळीची जाडी बदलली, बस. पण पहिल्या कापाला सपाट पृष्ठभाग आणायचा कुठून, खोड तर गोल. तिथे आमची ॲल्युमिनियमची शिडी कामाला आली, माळ्यावर चढायची. शिडी खोडावर आडवी ठेवली, खाली पाचरी मारून लेव्हलबॉटलने बरोबर केली, स्क्रूने पक्की केली आणि तिच्यावरून मिल ढकलली. वरचं सालपट निघालं की पुढचे सगळे काप त्याच सपाटीवर.

साखळी पण वेगळी लागते हे मला माहीत नव्हतं. झाड तोडायची साखळी आडवं कापायला बनवलेली, तिच्या दातांचा कोन 30 अंशाच्या आसपास. खोडाच्या लांबीने, म्हणजे रेषांच्या दिशेने कापायला तोच कोन 10 अंशावर आणतात. साध्या साखळीने होत नाही असं नाही, पण पृष्ठभाग नांगरल्यासारखा निघतो, वेळ दुप्पट आणि मशीन तापून लाल. त्याचं पातं 36 इंची होतं, त्यातले चार-सहा इंच चौकटीतच जातात, त्यामुळे आंब्याच्या दोन्ही बाजूंचे खांदे आधी उभे उडवावे लागले, मग तो आत बसला.

कामाचं वर्णन काय करू, गोंगाट आणि धूर. एकजण मशीनच्या मागून ढकलणार, दुसरा पुढून दोरीने हळू ओढणार, तिसरा मागून कापात पाचरी ठोकत येणार, कारण वरची फळी वजनाने खाली बसली की पातं चिमटतं. वर ताडपत्री बांधलेली, तिच्यावर पाऊस, ताडपत्रीखाली पेट्रोलचा धूर कोंडलेला, दर थोड्या वेळाने बाहेर येऊन श्वास घ्यायचा. आठ फुटाचा एक काप घ्यायला चांगला वेळ लागतो, मध्ये मध्ये टाकी भरायची, साखळीला धार लावायची. आणि लाकूड किती वाया जातं बघा, चेनसॉचा एक काप आठ-नऊ एमएम खातो, गिरणीचा पट्टा दोन-तीन एमएम. पाच-सहा काप घेतले की चेनसॉने दोन इंची एक अख्खी फळी भुसा करून टाकलेली असते. म्हणून चेनसॉने पातळ फळ्या पाडायच्याच नाहीत, आम्ही अडीच-अडीच इंचाच्या पाडल्या. कोण म्हणेल यूट्यूबवर किती छान दिसतं, तर त्या व्हिडिओत ढकलणाऱ्याची कंबर दाखवत नाहीत.

पण पहिली फळी उचलून बाजूला केली आणि आतलं दिसलं तेव्हा सगळे गप्प झाले हे खरं. आंबा बाहेरून इतका ओबडधोबड आणि आत तपकिरी, राखाडी, मध्येच गुलाबट झाक, बेचक्याजवळ तर रेषा अशा वळलेल्या की हात फिरवावासा वाटतो. आजी खुर्ची टाकून बघत बसली होती, ती म्हणाली, "इतकी वर्षं नुसते आंबेच खाल्ले की ह्याचे."

फळ्या पाडल्या की लगेच बोरॅक्स. तीन भाग बोरॅक्स आणि दोन भाग बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशने सगळीकडून दोनदा, ओल्या लाकडावरच, कारण ओल्या लाकडात ते आत उतरतं, सुकल्यावर लावलं तर वरच राहतं. हे केलं नाही तर आंब्यात भुंगा होणारच, बारीक बारीक भोकं आणि खाली पिठाचे ढीग. आमच्याच एका सालपटावर लावायचं राहिलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात त्याची चाळण झाली.

फणस दिवाळीनंतर नेला. गडगा दोन ठिकाणी उतरवला, जमीन कडक झाली होती, वरच्या अंगाने शेजाऱ्यांच्या कातळावरून ट्रॅक्टर आणला. एक टनाचा ओंडका ट्रॉलीत चढवायला दोन सोट तिरपे लावले आणि चेन ब्लॉकने ओढला. पहारीने ओंडका फिरवणं ही एक कला आहे, आमच्याकडचे दोन गडी ते असं करतात की बघणाऱ्याला वाटतं ओंडका स्वतःच फिरला.

सॉ मिल आता तालुक्याला मोजक्याच. परवाना सहजी मिळत नाही, 1996 ला सुप्रीम कोर्टाने जंगलाबाबत आदेश दिला तेव्हापासून सगळं कडक झालं. त्यात वादळानंतरचं वर्ष, अंगणात ओंडक्यांचे डोंगर लागलेले. आमचा नंबर यायला बरेच दिवस गेले, ते एका अर्थी चांगलंच, कारण तिथे बसून बसून दुसऱ्यांचे ओंडके कापताना बघितले आणि शिकलो.

आमचा ओंडका पुढे आला तेव्हा मिस्त्री मशीनकडे गेलाच नाही. आधी त्याने बुंध्याच्या तोंडावरचा लाल रंग पटाशीने खरवडला, पाणी मारलं, फडक्याने पुसलं आणि वाकून बघत राहिला. पिवळ्याजर्द गाभ्यात एका बाजूला, सालीपासून पाच-सहा बोटं आत, एक काळानिळा डाग होता, जिभेसारखा लांबट, अंगठ्याएवढा. त्यावर नखाने घासलं आणि म्हणाला, "ह्यात लोखंड हाय." मला वाटलं बुरशी असेल. तो म्हणाला न्हाय, खिळ्याचा गंज असाच रेषेरेषेने खाली उतरतो, खिळा कुठेतरी वर असणार. पट्ट्याचं पातं खिळ्यावर गेलं तर दात जातात, कधी पातं तुटतं, आणि त्या वेगात तुटलेलं पातं कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. तो म्हणाला, खिळा काढून आणा नाहीतर ओंडका बाजूला घ्या.

आता दहा फुटात खिळा शोधायचा कुठे. मी बाबांना फोन लावला, त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, फणसाला आधी कपिला गाय बांधायचो, त्याला कडी होती, कमरेएवढ्या उंचीवर. आता इथे एक गंमत आहे. झाड वर वाढतं ते शेंड्याने, खोडातला खिळा ज्या उंचीवर मारला त्याच उंचीवर राहतो, झाड फक्त जाडीने वाढून त्याला आत गिळतं. म्हणजे कमरेची उंची म्हणजे कमरेचीच उंची, मग झाड कितीही वाढो. ओंडक्याचं बुडाचं तोंड जमिनीपासून किती वर कापलं होतं ते वजा केलं, तोंडावरच्या डागाची बाजू धरून टेप लावला, आणि त्या जागी साल जरा सुरकुतलेली, गाठ धरल्यासारखी दिसलीच. पटाशीने खोदत गेलो, पाच इंच आत कडीचं मूळ निघालं, अर्धं गंजून गेलेलं, भोवतीचं लाकूड शाईसारखं काळं. मिस्त्रीने ते हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि मला परत दिलं. मग म्हणाला, चला.

मग खरा वाद झाला, कसं कापायचं. पुण्याहून दादाचा फोनवर हट्ट, त्याला डायनिंग टेबलला एक अखंड रुंद फळी पाहिजे, कडा तशाच नैसर्गिक ठेवून. सुतारकाकांना चौकटी आणि दारं दिसत होती. मिस्त्रीचं म्हणणं, लवकर सांगा, मागे लाईन आहे. मला वाटतं लाकूड कापण्यातलं सगळं शहाणपण या एका घटकेत असतं, कारण पुढचं सगळं मशीन करतं आणि एकदा काप गेला की गेला.

सुतारकाकांनी जे सांगितलं ते असं. खोडाच्या अगदी मधली जी नळी असते, झाडाचा गर्भ, तो ज्या फळीत येईल ती फळी उभी फाटणारच, तिच्यावर जीव टाकू नका. लाकूड आक्रसतं ते सगळीकडे सारखं नाही, गर्भापासून सालीकडे कमी आणि गोल फेराच्या दिशेने साधारण दुप्पट. त्यामुळे बाहेरच्या बाजूची आडवी रुंद फळी सुकली की तिच्या कडा गर्भाच्या उलट दिशेला उचलतात, पन्हाळ होते. आणि गर्भाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या, ज्यात रेषा उभ्या येतात, त्या शांत राहतात. म्हणजे सगळ्यात रुंद फळी मधली, पण ती गर्भाची, आणि दादाला नेमकी तीच हवी. शेवटी असं केलं, मधली अडीच इंची पट्टी गर्भासकट वेगळी काढली आणि तिचे मधून दोन भाग करून खांबांना ठेवले, तिच्या लगतच्या दोन फळ्या दोन-दोन इंची दादाला टेबलासाठी, त्याच्या पलीकडच्या सव्वा-सव्वा इंची दारांना आणि बाहेरच्या पाटांना, देव्हाऱ्याला. इंची हवी तिथे सव्वा इंच पाडायची, आक्रसणं आणि रंधा यात पाव इंच सहज जातो. काकांनी तोंडावर गेरूच्या सुताने रेघा मारल्या, ओंडका रुळावरच्या ट्रॉलीत आकड्यांनी पकडला आणि पातं सुरू झालं.

फणस कापताना चीक पात्याला धरतो, त्यावर भुसा बसतो, पातं जाड होऊन भरकटायला लागतं. एक पोरगा डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं काठीला बांधून पात्याला लावत होता सारखा. आणि रंग! ताजा कापलेला फणस हळदीच्या पेवासारखा पिवळा, भुसा घामाला चिकटून आम्ही सगळे हळदीचे नवरे झालेलो. हा रंग टिकत नाही, उजेडात महिन्या-दोन महिन्यात सोनेरी आणि पुढे काही वर्षांत गडद तपकिरी तांबूस. आग्नेय आशियात बौद्ध भिक्खूंची वस्त्रं फणसाच्या गाभ्याच्या रंगानेच रंगवायची पद्धत आहे, आणि मृदंगाचं खोडही फणसाचंच असतं, म्हणजे जळाऊ म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

बाजूला उभे असलेले सगळे वर्तुळं मोजत होते, किती वर्षांचं. फणसात ती वर्तुळं धड दिसतच नाहीत, आपल्या हवेत वाढणाऱ्या बऱ्याच झाडांचं असंच. त्यामुळे त्याचं वय मला विचारू नका.

लोकांना वाटतं कापलं की झालं. कापणं एका दिवसाचं, सुकवणं वर्षाचं. साधा ठोकताळा असा की दर इंच जाडीला एक वर्ष, आणि कोकणात त्यातले चार महिने लाकूड सुकत नाहीच, उलट पाणी पितं. फळ्या पडवीत थापी (चळत) लावून ठेवल्या, खाली चिऱ्यांवर सपाट आडवे वासे, प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये रिपा (अरुंद पट्ट्या), दर दीड-दोन फुटावर. रिपा कोरड्या पाहिजेत, ओल्या असल्या तर फळीवर कायमचा डाग पडतो. आमच्याकडे वादळाने छप्पर उडाल्यामुळे पोफळीच्या जुन्या रिपा ढिगाने होत्या, कित्येक वर्षं धूर खाऊन ठणठणीत झालेल्या, त्याच वापरल्या. वरच्या थराच्या रिपा खालच्या थराच्या रिपांच्या बरोबर वर आल्या पाहिजेत, इकडे तिकडे झाल्या तर फळी लाट मारते. सगळ्यात वर चिरे ठेवले वजनाला. वारा खेळता पाहिजे पण ऊन थेट नको, उन्हात लवकर सुकतं म्हणून अंगणात टाकलेली एक फळी शेजाऱ्यांकडे बघितली, संध्याकाळपर्यंत तडतडून तीन चिरा.

तौक्ते वादळ आलं मे 2021 मध्ये, तेव्हा घरातल्या माणसांच्या आधी बाबांनी फळ्यांवर ताडपत्री बांधली यावरून आई अजून बोलते.

ओलावा मोजायला मीटर घेतला होता, स्वस्तातला, दोन टोचण्यांचा. पण त्याहून भरवशाची युक्ती म्हणजे त्याच ओंडक्याचा एक तुकडा थापीतच ठेवायचा आणि अधूनमधून काट्यावर तोलून भिंतीवर लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत जेवढं सुकायचं तेवढं सुकलं. पावसाळ्यात तेच वजन परत चढलेलं दिसतं, ते बघून घाबरायचं नाही. आमच्याकडे भर पावसात मीटर 17-18 टक्के दाखवायचा आणि एप्रिलला 12 च्या आसपास. पुण्याची उन्हाळी हवा याहून कितीतरी कोरडी. म्हणजे दापोलीत पूर्ण सुकलेली फळी पुण्याच्या फ्लॅटमध्ये गेली की पुन्हा सुकायला लागते. दादाला हे पटेना, त्याला पहिल्याच उन्हाळ्यात फळी हवी होती. काकांनी साफ नाही सांगितलं.

शेवटी 2023 मध्ये दोन फळ्या पुण्याला गेल्या, तिथे त्याच्या बाल्कनीलगतच्या खोलीत आणखी एक उन्हाळा आडव्या ठेवल्या रिपांवर, एकीला टोकाला वीतभर चीर गेली, बाकी शाबूत. टेबल करताना खालच्या लोखंडी पायांना भोकं गोल न ठेवता लांबट ठेवून घेतली, म्हणजे फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते तिला सरकायला जागा राहते. घट्ट आवळली असती तर ती स्वतःलाच फाडून मोकळी झाली असती. घराची दोन दारं आणि देव्हारा झाला, पाट झाले.

आंब्याच्या फळ्या ज्या आम्ही दुय्यम समजत होतो, त्यांनाच जास्त विचारणा. एका फळीत बुरशीच्या काळ्या रेघा नकाशासारख्या फिरल्यात, तीच सगळ्यांना हवी. तो मिलवाला मुलगा मजुरीच्या बदल्यात दोन फळ्या घेऊन गेला, एकीचं कॅफेसाठी काउंटर केलं म्हणे.

परवडतं का म्हणाल तर ट्रॅक्टर, कापणावळ, माणसं, चेनसॉचं पेट्रोल आणि तीन वर्षं अडलेली पडवी धरली तर प्लायवूड स्वस्त पडलं असतं, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि सांगताना पाहुण्याला बसायला फणसाचाच पाट देतात. गर्भाचे दोन तुकडे अजून थापीत आहेत, काकांनी सांगितल्याप्रमाणे ते उभे फाटले, त्यांचं काय करायचं ते गणपतीत सगळे जमले की ठरवू.